बाळसं

सुई टोचली तरी निनाद रडला नाही.

नर्सबाईंनी त्याच्या हातावर शीर शोधली, मिळाली नाही. पायावर शोधली, तीही गुबगुबीत मांसात कुठेतरी दडून बसलेली. शेवटी घोट्यापाशी एकदाची लागली. डोक्यात टोपडं घातलं तरी घर डोक्यावर घेणारं माझं पोर, पण तेवढा वेळ ते नुसतं छताकडे बघत राहिलं. ओठ कोरडे पडलेले, कपाळावर गार घाम. मी त्याचा तळहात माझ्या बोटाभोवती गुंडाळला. तो लगेच उलगडून खाली पडला.

"इतकं गुटगुटीत बाळ, आणि अंगात त्राण कसं नाही?" नर्सबाई स्वतःशीच म्हणाल्या.

बार्शीतलं लहान मुलांचं छोटंसं हॉस्पिटल होतं ते. भर दुपार होती. माझे यजमान श्रीरंग डाळमिलमधून तसेच आले होते, त्यांच्या भुवयांवर तुरीची पिवळी धूळ होती. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणत, बाकावर मांडी घालून बसल्या होत्या आणि एकसारखं काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं नाव असावं. मधूनच थांबून त्या माझ्याकडे बघत.

परांड्याहून, म्हणजे माझ्या माहेराहून, निनादला सासरी आणून आठवडा होत आला होता. पहिले दोन-तीन दिवस तो हसला-खेळला. मग किरकिरा झाला, दूध पिईना. त्यात थोडी सर्दी झाली, अंग तापलं. पाजलेलं दूध उलटून पडायला लागलं. त्या दिवशी सकाळी मी त्याला उठवायला गेले तर तो उठेना. डोळे अर्धे उघडे आणि मान सैल.

डॉक्टर नेर्लेकरांनी शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. तापाचं औषध, जंतूंवरचं इंजेक्शन, सगळं दिलं. निनादनं डोळे जरा उघडले. मला वाटलं, आलं माझं पोर परत. पण थोड्या वेळानं पापण्या पुन्हा खाली आल्या. डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या पाळण्याजवळ बसले. त्यांनी त्याचे गाल दोन बोटांनी दाबून पाहिले, झबलं वर करून पोट पाहिलं. मग त्याला हलकेच कुशीवर वळवलं आणि पाठीवरची लव बोटानं उलटसुलट फिरवून पाहिली. ती लव आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. आमच्या शेजारणीनं तर म्हटलंही होतं, मुलगा मोठेपणी केसाळ होणार.

त्यांनी विचारलं की बाळाचं तोंड जन्मापासून असंच गोल आहे का. आत्याबाई म्हणाल्या, जन्मला तेव्हा कसला, काडी होता नुसती, हे बाळसं माहेरी धरलंय. डॉक्टरांनी मान हलवली नाही की डोलावली नाही. कुठलं औषध चालू आहे, गोळी, पातळ औषध, जडीबुटी, मलम, असं एकेक विचारत गेले. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. मलमाला मात्र मी थांबले. मलम होतं, म्हटलं, पण आठवडाभरच. बंद करूनही खूप दिवस झाले.

"नक्की बंद केलंत?"

"नक्की. माझ्या हातानं ट्यूब फळीवर ठेवली."

ते खरंच होतं. निनाद तिसऱ्या महिन्यात असताना त्याच्या गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत लाल, खरखरीत चट्टे उठले. रात्रंदिवस गाल माझ्या खांद्यावर घासायचा. परांड्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावून सांगितलं की चट्ट्यावरच लावायचं, पातळ लावायचं, आठवडा झाला की थांबायचं. चट्टे पुसून टाकावेत तसे गेले. पुढे थोडे परत आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे असं येत-जात राहणार, वर्षा-दोन वर्षांत कमी होईल, कातडी कोरडी पडू देऊ नका. मला ते पटलं. तोवर मी बालवाडीत पुन्हा शिकवायला जायला लागले होते. सकाळी निनाद माझ्या आईजवळ असायचा. मालीश, अंघोळ, धुरी, मग दुपट्यात घट्ट बांधून झोपवणं, सगळं तीच करायची.

आई विधवा. ती बाजारासाठी झबली-टोपडी शिवायची. तिचा पाय मशीनवर आणि कान पाळण्याकडे.

त्याच सुमारास आत्याबाई नातवाला बघायला परांड्याला आल्या. त्यांनी निनादला मांडीवर घेतलं, गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला नव्हतं हो असलं काही. घरी न्यायच्या दिवशी चार माणसं बघायला येतील. काय सांगायचं त्यांना?" आईनं चहा ठेवला, पोह्यांवर खोबरं भुरभुरलं, हसतमुखानं त्यांना एसटीत बसवून आली. त्या दिवशी ती जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

त्यानंतर निनादची कातडी सुधारत गेली. लोण्यासारखी झाली. आणि काय बाळसं धरलं पोरानं! गाल इतके वर आले की डोळे बारीक दिसायला लागले. आळीतल्या बायका बघायला यायच्या आणि आईला विचारायच्या, काय चारतेस गं नातवाला. आई त्याच्या गालाला काजळाची तीट लावायची आणि म्हणायची, दृष्ट लावू नका बायांनो. झबली घट्ट होत होती. आई शिवणी उसवून पुन्हा घालत होती आणि मला ते बघून आनंद होत होता. पोटच्या पोराच्या अंगावर मांस चढताना बघण्यासारखं सुख नाही.

मग आत्याबाईंनी दिवस ठरवून आम्हाला नेलं. आलेल्या चार माणसांनी पोराला हातोहात घेतलं. आत्याबाईंनी ओवाळलं, तेव्हा त्यांच्या तोंडावरचं हसू मी कधी विसरणार नाही. आणि आता आठवडाही पुरता झाला नव्हता, तर ते पोर या पाळण्यात असं निपचित पडलं होतं.

आई निरोप मिळाला तशी आली. एसटी स्टँडापासून पळतच आली असावी, कारण तिला बोलता येईना. हातात कापडी पिशवी होती. ती सरळ पाळण्याशी गेली आणि निनादचे पाय चाचपून बघितले. पाय गार होते. तिनं ते आपल्या दोन्ही तळव्यांत घेतले.

"बघा विहीणबाई," आत्याबाई बाकावरूनच म्हणाल्या, "तुमच्याकडून आणला तेव्हा लाडू होता. आमच्या घरचं पाणी मानवलं नाही म्हणायचं, दुसरं काय."

आई मागे सरत भिंतीला लागली आणि पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

तेवढ्यात डॉक्टर पुन्हा आत आले. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. मग आमच्याकडे वळून शांतपणे बोलले. रक्त सोलापूरला पाठवता येईल, पण उत्तर येईपर्यंत थांबण्याइतका वेळ या बाळाकडे नाही. साखर चढवली की वर येते आणि पुन्हा घसरते. याच्या अंगात बरेच दिवस काहीतरी गेलंय असा त्यांचा संशय होता. "मी कुणावर रागावणार नाही," ते म्हणाले, "पण मला खरं सांगा. अंधारात चाचपडत औषध दिलं तर चुकू शकतं."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. यांनीही माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा सांगितलं की काही नाही, माझं दूध आणि बाळगुटी, बस. आईनं मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. ती फरशीकडे बघत होती.

ते फरशीकडे बघणं मला ओळखीचं होतं. बालवाडीत एखाद्या पोरानं नाकात चिंचोका घातलेला असतो, नाहीतर खडू खाल्लेला असतो. समोर उभं राहून कितीही विचारा, ते फरशीकडे बघतं आणि नाही म्हणतं. घाबरलेलं मूल तोंडावर तोंड आणलं की मिटतं. त्याच्या शेजारी बसावं लागतं. हातात काहीतरी काम घ्यावं लागतं. आपण दुसरीकडे बघितलं की ते हळूच बोलतं.

मी आईला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले. आत माझं पोर होतं आणि मी दुपट्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन घड्या घालायला बसले. पहिली घडी मी एकटीनं घातली. दुसरं दुपटं उलगडलं तेव्हा आईनं न सांगता त्याची दोन टोकं धरली. आम्ही दोघींनी मिळून ते दुमडलं. मग आणखी एक. मी समोरच्या भिंतीवरच्या पाण्याच्या ओघळाकडे बघत होते.

"कुंदा," आई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कुणाला न सांगता थोडं तेल लावू का गं त्याला? मी आणलंय. आपल्या मोरीतच राहिली होती बाटली. तेल थांबलं आणि पोर मलूल झालं बघ. सवय होती त्याला त्याची."

"इथं लावतात की तेल. आत्याबाई रोज तिळाचं चोळतात."

आईनं दुपट्याची घडी तळव्यानं सपाट केली. मग तीच पुन्हा उलगडली.

"त्यात ते नसतं ना," ती म्हणाली.

मी भिंतीवरची नजर हलवली नाही. "ते म्हणजे काय, आई?"

"मलम."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आत्याबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं फळीवरची ट्यूब काढून खोबरेल तेलाच्या बाटलीत पिळली होती. ती संपली तेव्हा औषधांच्या दुकानातून दुसरी आणली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. पुढे ती मिळेना तेव्हा त्यानं वेगळी दिली, म्हणाला, ही तिच्यापेक्षा जोरदार, लवकर गुण येईल. एक बाटली संपली की दुसरी बाटली, तिच्यात नवी ट्यूब. चट्ट्यावर लावलं की तेवढी जागा बरी होते, मग सगळ्या अंगाला लागलं तर चट्टा उठणारच नाही, असा तिचा हिशोब. आणि इतक्या तेलात एवढंसं मलम पातळ होऊन जातं, त्याचा जोर तो काय राहणार. दोन महिने रोज सकाळी डोक्यापासून तळपायापर्यंत ते तेल जिरवायचं, वर कढत पाण्याची अंघोळ, धुरी, आणि घट्ट दुपट्यात बांधून ठेवायचं.

"तू रागावशील म्हणून नाही सांगितलं," आई म्हणाली. "तू म्हणाली होतीस बंद म्हणजे बंद. पण मला झोप लागत नव्हती गं. तुझ्या घरी त्याला कुणी नावं ठेवली असती तर ते तुला ऐकावं लागलं असतं."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याच वेळी तिचं तोंड दाबावं, पुढे बोलूच देऊ नये, असंही वाटलं. कारण दारातून आत्याबाईंचा पदर दिसत होता. हे आत गेलं की काय होईल ते मला लखलखीत दिसत होतं. माहेर तुटेल. आईला या दारात कुणी उभं करणार नाही. पोराला हिच्याच हातून काहीतरी झालं, हे वाक्य जन्मभर तिच्या मागे लागेल. पण पाळण्यातला तो हात, बोटाभोवती न टिकणारा, तोही दिसत होता.

मी उठले. आईनं माझं मनगट धरलं.

"तू सांगू नकोस," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर म्हणतील, दोघींचं संगनमत. मीच सांगते."

ती आत गेली, सगळ्यांच्या मधून, थेट डॉक्टरांपर्यंत. पिशवीतून बाटली आणि मोकळी ट्यूब काढून तिनं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दोन महिने तेलात मलम मी मिसळलंय. बाटली परांड्याला राहिली होती. हिला ठाऊक नव्हतं."

डॉक्टरांनी ट्यूब उजेडात धरून वाचली. बाटली उघडून वास घेतला. मग त्यांनी आईला एकच विचारलं. गेल्या दोन महिन्यांत बाळाची लांबी वाढली का, काही अंदाज आहे?

"अंदाज कशाला," आई म्हणाली, "त्याची झबली मीच शिवते. बगलेतल्या शिवणी दोनदा सोडल्या, घेर वाढवला. खालची पट्टी सोडायची वेळच..." ती थांबली. आपलंच बोलणं तिला तेव्हा ऐकू आलं. "वेळच नाही आली," ती म्हणाली.

"ते बाळसं नव्हतं, आजी, या औषधानं उंची थांबते आणि अंग नुसतं फुगतं," डॉक्टर म्हणाले. "हे मलम मोठ्या माणसाच्या तळपायाच्या जाड कातडीसाठी देतात. बाळाची कातडी कागदासारखी. सगळ्या अंगावरून ते रोज आत जात राहिलं."

"विष घातलंत," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही म्हणाल्या. त्यामुळेच ते जास्त लागलं. "माझ्या नातवाला चोळून चोळून विष घातलंत."

"चट्टे दिसू नयेत म्हणून," आई म्हणाली. "चार माणसांत."



डॉक्टरांनी नर्सबाईंना एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. त्या कपाटाकडे गेल्या. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "आता मी याला जे देणार आहे ते याच जातीचं औषध आहे. शिरेतून."

श्रीरंग चौकट सोडून पुढे आले. "ज्यानं हे झालं तेच?" ते म्हणाले. "नाही. आणखी नाही घालायचं त्याच्या अंगात. मी सोलापूरला नेतो."

"वाटेत जाईल तो," डॉक्टर म्हणाले.

हे माझ्याकडे वळले. आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरलं. पोर तुझं एकटीचं नाही, त्या म्हणाल्या, हा म्हणतो तसं कर. नर्सबाईंच्या हातात सिरिंज होती. मला त्या सिरिंजची भीती वाटली. विषावर विष असं कुणी देतं का? पण नाही म्हटलं आणि काही झालं तर? मी डॉक्टरांना म्हटलं की मला कळेल असं सांगा. लहान पोराला सांगतात तसं.

"आपल्या तालुक्यात टँकर येतो ना उन्हाळ्यात?" ते म्हणाले. "समजा एका घरात दोन पोरं आहेत, रोज विहिरीवरून पाणी आणणारी. तशा दोन लहान गाठी असतात आपल्या पोटात, मूत्रपिंडांच्या डोक्यावर. जे औषध या ट्यूबमध्ये आहे ना, जवळपास तेच त्या रोज थोडं थोडं बनवतात. त्याच्यावर शरीर आजारपणात तग धरतं. आता दारात रोज फुकटचा टँकर उभा राहायला लागला. पोरांनी घागरी ठेवल्या आणि झोपली. दोन महिने झोपली. मग एका दिवशी टँकर बंद झाला, बाटली परांड्याला राहिली म्हणून. आणि नेमकी त्याच आठवड्यात घराला आग लागली. हा ताप. आता सांगा, आधी पोरांना हाका मारत बसायचं की टँकर आणायचा?"

"टँकर," मी म्हटलं.

"तेच करतोय."

"आणि मग पोरं?"

"मग रोज थोडं कमी पाणी. तहान लागली की उठतील. एकदम बंद केलं तर नाही."

"द्या," मी म्हटलं.

श्रीरंग बाजूला झाले. आत्याबाईंनी माझा दंड सोडला. इंजेक्शन सलाईनच्या नळीतून आत गेलं. एवढंसं पांढरट पाणी होतं ते.

नंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. खिडकीतलं ऊन पाळण्यावरून सरकलं, भिंतीवर चढलं, मग तिथूनही गेलं. आई दाराबाहेर जमिनीवर बसली होती. तिला कुणी आत ये म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. मला पोराशिवाय काही दिसत नव्हतं. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. ती वर-खाली होते की नाही एवढंच बघत होते. प्रत्येक वेळी ती खाली गेली की मला वाटे, आता वर येणार नाही.

दिवे लागायच्या सुमारास नर्सबाई साखर तपासायला आल्या. त्यांनी निनादच्या टाचेला टोचलं.

तो रडला. आधी नुसता ओठ थरथरला, मग तोंड चौकोनी झालं, आणि असा टाहो फुटला की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. मी ऐकत राहिले. बाहेर आईनं पदर तोंडात कोंबला होता, तरी तिचा आवाज येत होता.

आम्ही घरी आलो ते औषधाच्या पुड्या घेऊन. रोजची पुडी चुकवायची नाही, मनानं थांबवायची नाही. ताप किंवा उलटी झाली की धावत यायचं. दर आठवड्याला डॉक्टर पुडी थोडी लहान करत. निनादचे गाल उतरले. पाठीवरची लव झडली. आता त्याच्या अंगावरचे चट्टे लपवणारं काही नव्हतं. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, काय गं, पोर वाळलं की. आत्याबाई त्यांना एकच सांगत, वाळला नाही, आता ठीक झालाय. पण माझ्या आईचं नाव त्या काढत नसत. आई परांड्याहून निरोप पाठवी, पोर कसंय विचारी. बरा आहे असं मी कळवायची. ये असं मी एकदाही कळवलं नाही, कारण ते म्हणायचा अधिकार घरात माझा नव्हता.

पुड्या संपल्या आणि चट्टे जोरात उठले. कोपरांत, गुडघ्यांमागे, मानेच्या वळीत. निनाद झोपेत खाजवायचा, सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके असायचे. मी खोबरेल लावत राहिले, नखं कापत राहिले, हाताला सुती मोजे बांधले. एका सकाळी कोपराची जागा फुटून तिच्यात पू दिसला. डॉक्टरांनी ते धुऊन औषध दिलं. जखम भरत आल्यावर माझ्यासमोर एक ट्यूब ठेवली.

मी हात मागे घेतला.

"हे सौम्य आहे," ते म्हणाले. "भीती मला कळते. पण भीतीपोटी न लावण्यानंही पोराला इजा होते, हे तुम्ही बघितलंत." त्यांनी ट्यूब उघडून माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत, मलमाची एक रेघ काढली. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरतं, म्हणाले. या दोन चट्ट्यांना तर याच्या निम्मंही नको. दिवसातून एकदा, लाल जागेवरच. वर काही बांधायचं नाही. कातडी मऊ झाली की थांबायचं, आणि थांबल्यावरही कातडी तेलकट ठेवायची. नुसत्या तेलानं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुन्हा उठलं तर त्यांना दाखवून पुन्हा. दुकानदारानं दुसरी दिली तर घ्यायची नाही.

ट्यूब घरी आली आणि खिडकीत बसून राहिली. मी तिचं टोपण उघडायला जायची आणि मला ती सिरिंज दिसायची, निपचित मूठ दिसायची. यांना म्हटलं, तुम्ही लावा. हे मिलला निघून गेले. शेवटी मी आत्याबाईंसमोर उभी राहिले आणि सांगितलं, मी आईला बोलावणार आहे. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बोलाव, असंही म्हणाल्या नाहीत, नको असंही नाही.

आई आली ती चपला दाराबाहेर लांब काढून. आत्याबाईंनी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. निनाद सतरंजीवर पाय झाडत होता. आई त्याच्यापासून हातभर दूर बसली. त्यानं तिच्या बांगड्यांकडे हात पसरले तरी ती पुढे झाली नाही.

मी तिच्या शेजारी बसले, समोर नाही. ट्यूब उघडली. तिचा हात माझ्या हातात घेतला तेव्हा तिला कळलं आणि तिनं तो ओढून घेतला.

"माझा हात नको," ती म्हणाली. "कुंदा, माझा हात नको लावू त्याला."

"मला जमत नाहीये, आई. मला भीती वाटते. तू शिवणीला हात लावतेस तेव्हा तो कापत नाही, मी बघितलाय. मी सांगते तेवढंच कर."

मी तिच्या बोटावर मलम घेतलं. अर्ध्या पेराएवढं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच. या इथं आणि या इथं. लाल आहे तिथंच."

"आणि बाकीच्या अंगाला?"

"बाकीच्या अंगाला काही नाही."

आई पुढे सरकली. बोट कोपराजवळ नेलं आणि तिथंच थांबली. निनादला गंमत वाटली असावी, त्यानं हात हिसकला आणि दोन्ही पायांनी सायकल चालवायला सुरुवात केली. आईनं बोट मागे घेतलं. माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात सुपातले तांदूळ बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. आत्याबाई उठल्या, पदर खोचला आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन बसल्या. त्यांनी निनादचे पाय मांडीखाली घेतले आणि त्याचा हात कोपरापाशी सरळ करून धरला.

"धरलाय मी," त्या म्हणाल्या. "लावा तुम्ही, विहीणबाई."